दरवेळी तीच बॅटरी का बसते?



बंदी चालू आहे. कागदावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस, पण आपली बोट मे महिन्याच्या शेवटी उभी राहते ती नारळी पौर्णिमेला नारळ वाहून झाल्यावरच हलते. म्हणजे अडीच महिने धरा. ज्यांना जागा आहे त्यांनी बोटी वर ओढून शाकारल्यात, बाकीच्या खाडीत दोर टाकून उभ्या आहेत. या दिवसांत कार्यालयात सगळ्यात जास्त तक्रार येते ती जाळ्याची नाही, डिझेलची नाही, बॅटरीची. "नवीन घेतली होती हो, दोन महिन्यांत बसली." मग दुकानदाराला शिव्या, कंपनीला शिव्या, आणि शेवटी खलाशाला.

आज जी गोष्ट लिहितोय त्यात आमचीही चूक आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या एका सभासदाची फायबरची बोट आहे, २४ व्होल्टची. म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या, प्रत्येकी १२० एएच. बोट खाडीत उभी असते. पावसाचं पाणी आत साचतं म्हणून बिल्ज पंप चालू ठेवावा लागतो, त्यामुळे बॅटऱ्या बोटीवरच असतात. राखणीला तलासरीकडचा एक खलाशी रात्री केबिनमध्ये झोपायचा. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एक बॅटरी गेली. मालकाने नवीन आणली. मागच्या जुलैमध्ये, रात्रभर पाऊस कोसळत असताना, पंप थांबला. खलाशाला जाग आली तेव्हा फळीवर पाणी आलं होतं. तो एकटा बादलीने पहाटेपर्यंत पाणी उपसत होता. पाणी इंजिनाच्या पायापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं, कारण हा थांबला नाही. सकाळी मालक आला, बॅटरी पाहिली, पुन्हा बसलेली. त्याने सरळ म्हटलं, "रात्रभर लाईट, पंखा, गाणी. बॅटरी तूच खाल्लीस."

पोरगा म्हणाला, मी पंखापण लावत नाही, मच्छर चावले तरी. कोणी ऐकलं नाही. प्रकरण आमच्याकडे आलं. आम्ही दोघांना बसवलं, दहा मिनिटं ऐकलं आणि प्रोसिडिंग बुकात लिहिलं, "खलाशाचा निष्काळजीपणा." बॅटरीचे पैसे त्याच्या हिशेबातून कापले गेले. तो निघून गेला. कुठे गेला ते तेव्हा आम्ही विचारलंही नाही.

यंदा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिसरी बॅटरी बसली. बोटीवर कोणी झोपत नव्हतं. केबिनला कुलूप होतं आणि किल्ली मालकाच्या घरी खुंटीला.

मालक कार्यालयात येऊन गप्प बसला. आम्हीपण गप्पच होतो.

आता कडोदऱ्याची गोष्ट मध्ये येते. कडोदरा चार रस्ता म्हणजे जिथे मुंबई-अहमदाबाद हायवे आणि धुळे-सुरत हायवे एकमेकांना कापतात. बाजूला कपड्याच्या मिला. धुळे, नंदुरबार, जळगावची माणसं इतकी की मराठी सारखं कानावर पडतं. बंदीत आपल्या किनाऱ्यावरची काही पोरंही तिकडे कामाला जातात. आमच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा तिथे ट्रकचं वायरिंग करतो. ट्रक म्हणजे पण २४ व्होल्ट, दोन बॅटऱ्या, आणि माल मिळेपर्यंत उभा. म्हणजे त्याच्याकडे रोज येणारं दुखणं आणि आपलं दुखणं एकच. आपला तो खलाशी तिथेच एका मिलमध्ये लागला होता आणि हे दोघं एकाच खानावळीत जेवायचे. एका रात्री जेवताना खलाशाने आपली सगळी कहाणी सांगितली. वायरमनने त्याला एकच प्रश्न विचारला, "दोन बॅटऱ्यांतली दरवेळी कोणती जायची?"

खलाशी म्हणाला, "दाराजवळची. दरवेळी तीच."

वायरमनने वडिलांना फोन केला, वडील कार्यालयात आले. आम्ही मालकाला विचारलं. त्याने आठवून सांगितलं, हो, तिन्ही वेळा दाराजवळचीच. तीन वर्षांत आमच्यापैकी एकालाही हे विचारायचं सुचलं नव्हतं.

जूनच्या शेवटच्या रविवारी वायरमन घरी आला तेव्हा आम्ही चौघं बोटीवर गेलो. त्याने आधी झाकण उघडून हवा खेळू दिली. बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, बंद खणात तो साचतो आणि एका ठिणगीने पेटतो. मालकाच्या हातातली बिडी त्याने खाडीत टाकायला लावली. मग मीटर व्होल्टवर ठेवून दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या. आतली १२.५. दाराजवळची ११.४.

हे आकडे सगळ्यांनी लिहून ठेवावेत. बॅटरीला चार-सहा तास आराम दिल्यावर, काही चालू नसताना मोजायचं. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. १२ म्हणजे पाव उरली. ११.८ आणि खाली म्हणजे रिकामी. अर्ध्या-पाऊण व्होल्टचा फरक आपल्याला किरकोळ वाटतो, पण सगळी बॅटरी त्या पाऊण व्होल्टातच असते. नुसता लाईट लावून "पेटतोय की" म्हणण्यात अर्थ नाही, रिकाम्या बॅटरीवरही एलईडी छान पेटतो.

दोन्ही बॅटऱ्या एकाच दोरीला बांधलेल्या बैलांसारख्या. पंप दोघींकडून सारखाच करंट घेतो, सेल्फ सारखाच घेतो. मग एक ताजी आणि एक मेलेली कशी? वायरमन म्हणाला, "काका, मधून कोणीतरी पितंय."

म्हणजे काय ते सांगतो. पहिल्या बॅटरीचा मायनस इंजिनाला जातो. तिचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडलेला असतो. दुसरीच्या प्लसवर २४ व्होल्ट मिळतात आणि तिथेच आपला कट स्विच असतो. आता कोणाला १२ व्होल्टचा टेप, रेडिओ किंवा चार्जर लावायचा असला की तो सोपा रस्ता काढतो. दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून वायर घेतो. तिथे १२ व्होल्ट मिळतात, काम होतं. पण ते काम एकटी पहिलीच करते. आणि कट स्विच दुसरीच्या प्लसवर असल्याने तो बंद केला तरी या वायरला काही फरक पडत नाही. आपण स्विच पाडून निवांत घरी जातो. ट्रकवाले टेपसाठी हेच करतात आणि कडोदऱ्याला याच्या पायात रोज एक तरी बॅटरी मरते, असं तो म्हणाला.

मासेमारी चालू असताना हे कळत नाही, कारण इंजिन रोज चालतं आणि अल्टरनेटर भरून काढतो. तेही नीट होत नाही. चार्ज दोघींना सारखाच जातो, त्यात पहिली अर्धवट राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त भरते, उकळते, तिचं पाणी लवकर सुकतं. तुमच्या बोटीवर एकीचं पाणी सारखं कमी होत असेल आणि दुसरी सारखी बसत असेल तर पुढचं वाचायच्या आधी मधला जोड बघून या.

मग त्याने करंट मोजला. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घातली, चाक अँपिअरवर फिरवलं. कट स्विच बंद, सगळे स्विच बंद, पंपाचा फ्लोट खाली म्हणजे पंप थांबलेला. पहिल्या बॅटरीच्या मायनसवरून केबल सोडवली आणि बॅटरीचा खांब आणि केबल यांच्या मध्ये मीटर लावला. म्हणजे जे काही बाहेर जातंय ते मीटरमधूनच जाणार. मीटरवर आलं ०.३९.

मालक म्हणाला, "इतकंच? अर्धा अँपिअरपण नाही."

वायरमनने बोटांवर हिशेब करून दाखवला. ०.३९ गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला सव्वानऊ एएच. बॅटरी १२० ची. तेरा दिवसांत रिकामी. आणि बंदी ६१ दिवसांची.

त्याच जागी ०.०२ आला असता तर? दिवसाला अर्धा एएच, अडीच महिन्यांत ३६ एएच. बॅटरी मेली नसती, पण पाव हिस्सा गेलाच असता. शिवाय आपल्या हवेत साध्या पाण्याच्या बॅटरीचा महिन्याला ५ ते १० टक्के चार्ज काही न जोडताही जातो. थंड देशांत लोक हिवाळ्यात बोटी उभ्या करतात, तिथे हे खूप हळू होतं. तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. त्यांना बॅटरीतलं पाणी गोठायची भीती, आपल्याला उकाड्याची.

आता तो ०.३९ कुठे जातोय ते शोधायचं. फ्यूज बॉक्समधले फ्यूज एकेक काढायचे आणि मीटरकडे बघत राहायचं, ज्या फ्यूजला आकडा पडेल तो चोर. सगळे फ्यूज काढून झाले. आकडा जागचा हलला नाही. म्हणजे वायर फ्यूज बॉक्सला गेलेलीच नव्हती. मग टॉर्च घेऊन मधल्या जोडावरून निघालेली लाल वायर हाताने चाचपत गेलो. फळीखालून, प्लायच्या मागून, केबिनच्या बाकड्याखाली. तिथे जुने लाईफ जॅकेट आणि फाटकं जाळं कोंबलेलं होतं. ते ओढून काढलं तर मागे एक निळा दिवा चमकत होता. अॅम्प्लिफायर.

मालकाने कपाळाला हात लावला. तीन वर्षांपूर्वीच्या नारळी पौर्णिमेला बोट सजवली होती, मोठे स्पीकर लावले होते, तेव्हा बसवलेला. स्पीकर दुसऱ्या दिवशी परत गेले. अॅम्प्लिफायर राहिला. त्याला चालू-बंद करणारी जी बारीक वायर असते ती घाईत प्लसलाच जोडून टाकलेली. गाणी बंद झाली, पण तो तीन वर्षं जागाच होता. आणि ज्या बाकड्यावर तो खलाशी झोपायचा, त्याच्याच खाली.

वायर काढली. मीटरवर ०.००.

बोटीवर थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग मालक म्हणाला, "त्याचा नंबर आहे का कोणाकडे?"

पुढचं सांगायच्या आधी, ज्यांना स्वतः मोजायचं आहे त्यांच्यासाठी. मीटर अँपिअरवर असताना तो बॅटरीच्या प्लस आणि मायनसला थेट कधीही लावू नका, तो शॉर्ट असतो. मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नका, शेकडो अँपिअर त्या बारीक वायरमधून जाऊ पाहतील. केबल सोडताना नेहमी मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. मीटर लावल्यावर पाच मिनिटं थांबा, जीपीएससारखी काही यंत्रं बंद व्हायला वेळ घेतात आणि सुरुवातीचा आकडा फसवतो. १२ व्होल्टची एकच बॅटरी असेल तरी पद्धत हीच.

सगळे फ्यूज काढूनही आकडा राहिला आणि फ्यूज चुकवून गेलेली वायरही सापडली नाही, तर दोन जागा बघायच्या. एक अल्टरनेटर. त्यातला डायोड गेला की करंट उलटा वाहतो. बॅटरीची केबल सोडून अल्टरनेटरची जाड वायर काढा, तिला टेप गुंडाळा, केबल मीटरमधून परत लावून बघा. दुसरी जागा कोणाला खरी वाटत नाही, ती म्हणजे बॅटरीचं स्वतःचं डोकं. वर खारा ओलावा, धूळ आणि ॲसिडचा घाम मिळून एक थर बसतो आणि त्यातून प्लसकडून मायनसकडे करंट झिरपत राहतो. मीटर व्होल्टवर ठेवा, काळी सुई मायनस खांबाला आणि लाल सुई नुसत्या प्लास्टिकवर फिरवा. आकडा दिसला तर बॅटरी स्वतःलाच पीत आहे. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून फडक्याने पुसायचं, मग साध्या पाण्याने, मग कोरडं. बुचं घट्ट लावलेली हवीत, सोडा आत गेला तर ॲसिड मरतं. खांबांना व्हॅसलीन.

सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की बॅटरी उतरते असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. जुन्या काळी डबे लाकडाचे, कडक रबराचे होते तेव्हा त्यात काहीतरी खरं होतं. आताच्या प्लास्टिकच्या डब्याला जमिनीने काही होत नाही. फळी घातली तर घाला, बिघडत नाही, पण फळीवर ठेवली म्हणून अडीच महिने चार्ज न करता सोडू नका. जमिनीवर ठेवल्याने बॅटरी मरत नाही, रिकामी ठेवल्याने मरते. रिकाम्या प्लेटांवर सल्फेट कडक होत जातं आणि मग कितीही चार्ज करा, ती पूर्वीसारखी भरत नाही. आपल्या सभासदाच्या तीन बॅटऱ्या याच रोगाने गेल्या. पहिल्या दोन त्याने भंगारात दिल्या. तिसरी एकच आठवडा पडून होती, ती बारा तास हळू चार्ज केल्यावर उठली. किती दिवस चालेल ते बघू.

ज्यांच्या बोटी शाकारलेल्या आहेत त्यांचं सोपं आहे. बॅटरी घरी न्या, महिन्यातून एकदा चार्ज करा. चार्जरचा करंट बॅटरीच्या आकड्याच्या दहाव्या भागाच्या आसपास, १२० ची असेल तर १२ अँपिअरपेक्षा जास्त नको. खोली हवेशीर, पोरांपासून लांब. पाणी डिस्टिल्डच घाला, पावसाचं साठवलेलं नाही, विहिरीचं तर नाहीच. ज्यांच्या बोटी खाडीत आहेत त्यांना बॅटरी काढता येत नाही, पंप हवाच. त्यांनी मोजून घ्यावंच लागेल. पंप सोडून बाकी सगळं कट स्विचच्या पलीकडे असायला हवं. १२ व्होल्टची वस्तू चालवायची तर २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर घ्या आणि तोही कट स्विचच्या पलीकडे लावा, कारण कन्व्हर्टर स्वतःही थोडं पितो. सोलर पॅनल लावतात काही जण, चांगलं आहे, पण ताडपत्रीखाली दडवलेला पॅनल काय चार्ज करणार.

आणि ज्यांनी एआयएस किंवा ट्रान्सपॉन्डर बसवलाय त्यांनी तो बसवताना वायर कुठून घेतली ते एकदा डोळ्यांनी बघावं. २०२४ च्या ३० ऑगस्टला पालघरला ट्रान्सपॉन्डरची योजना देशभरासाठी सुरू झाली, एक लाख बोटींना द्यायचे आहेत. यंत्र चांगलं आहे, जीव वाचवणारं आहे. पण बोटीच्या बॅटरीवर चालणारं कोणतंही यंत्र मधल्या जोडावर लावलं तर ते त्याच बॅटरीला खाणार, आणि समुद्रात गरज पडेल तेव्हा तीच बसलेली असणार.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही आणि मालक कडोदऱ्याला गेलो. मिलची पाळी सुटायची वाट बघत बाहेर चहाच्या टपरीवर थांबलो. पोरगा बाहेर आला, आम्हाला बघून घाबरला, त्याला वाटलं अजून काहीतरी निघालं. मालकाने त्याला सगळं सांगितलं. अॅम्प्लिफायरचा फोटो दाखवला. पोरगा फोटोकडे बघत म्हणाला, "हा निळा उजेड मला दिसायचा फटीतून. मला वाटलं, वायरलेसचा असेल, हात कशाला लावा."

कापलेले पैसे मालकाने तिथेच दिले. आम्ही सोबत प्रोसिडिंगच्या नव्या ठरावाची नक्कल नेली होती, जुनी नोंद चुकीची होती असं त्यात लिहिलंय. त्याने पैसे मोजून खिशात घातले, कागद दोनदा वाचला आणि घडी करून ठेवला. बोटीवर परत येणार का, हे त्याने अजून सांगितलेलं नाही. मिलमध्ये पाळी बारा तासांची आहे, पण पगार महिन्याच्या महिन्याला मिळतो, असं म्हणाला. मालक नारळी पौर्णिमेपर्यंत त्याची जागा भरणार नाही.

कार्यालयात आता एक मीटर आणि एक हायड्रोमीटर घेऊन ठेवलंय. सभासदांनी सही करून न्यावं, दुसऱ्या दिवशी परत आणावं. कडोदऱ्याचा वायरमन या महिन्यात अजून दोन रविवार गावी आहे. ज्यांच्या बोटी खाडीत आहेत त्यांनी नावं शनिवारपर्यंत द्या, आणि येताना आठवून या की मागच्या वेळी दोघींपैकी कोणती बॅटरी गेली होती.